दीडपट वेगाने सिनेमा बघताना काय सुटतं? बर्गसाँची साखर, फाळक्यांचा वाटाणा आणि एक रिकामं कोर्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि 'म्हणजे काय की' एवढंच काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

लोकलमध्ये लटकत असाल, भांडी घासत असाल, अभ्यासाच्या नावाखाली ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय आहे तत्त्वज्ञान आणि सिनेमा. थांबा, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. कारण आज मी तुमच्या फोनमधल्या एका बटणाबद्दल बोलणार आहे. ते बटण म्हणजे वेगाचं, 'वन पॉइंट फाइव्ह एक्स'वालं. तुमच्यातले निम्मे जण मलासुद्धा आत्ता त्याच वेगाने ऐकतायत, हे मला माहीत आहे. ऐका, माझी हरकत नाही. हरकत का नाही, तेही पुढे येईल.

झालं असं, की मागच्या भागात मी चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'बद्दल बोललो होतो. त्यावर एका ऐकणाऱ्या मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. ती म्हणते, "दादा, मी 'कोर्ट' दीडपट वेगाने बघितला. गोष्ट पूर्ण कळली, एकही संवाद सुटला नाही. जवळपास दोन तासांचा सिनेमा सव्वा तासात झाला. मग माझं बिघडलं काय?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि 'असं बघू नये गं, दिग्दर्शकाचा अपमान होतो' हे त्याचं उत्तर नाही. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये वेग बदलण्याची सोय तपासून बघायला घेतली तेव्हा हॉलीवूडच्या बऱ्याच लोकांनी आरडाओरडा केला. जड अपाटो, ब्रॅड बर्ड अशी मोठी नावं होती त्यात. पण त्यांचं म्हणणं बहुतेक 'आमच्या कामाला हात लावू नका' एवढंच होतं. त्याने माझ्या मैत्रिणीचं समाधान होणार नाही. तिला कारण हवंय. ते शोधायला आपण शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ. सिनेमा जन्माला आला तेव्हाच एक फ्रेंच तत्त्ववेत्ता वेळ या गोष्टीवर विचार करत बसला होता आणि त्याला सिनेमा अजिबात पटलेला नव्हता.

त्याचं नाव आँरी बर्गसाँ.

जरा तारखा बघा. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला. ७ जुलै १८९६ ला तोच खेळ आपल्या मुंबईत, वॉटसन हॉटेलात झाला. आणि त्याच १८९६ मध्ये बर्गसाँचं 'मॅटर अँड मेमरी' हे पुस्तक आलं. हा माणूस पुढे पॅरिसमध्ये इतका लोकप्रिय झाला की त्याच्या तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांना लोकांना बसायला जागा मिळायची नाही. १९२७ चं साहित्याचं नोबेलही त्याला मिळालं.

बर्गसाँचं मुख्य म्हणणं असं, की आपण 'वेळ' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी ढकलतो. एक घड्याळातला वेळ. साठ सेकंदांचं मिनिट, साठ मिनिटांचा तास, सगळे तुकडे सारखे, पट्टीवरच्या सेंटिमीटरसारखे शेजारी शेजारी मांडलेले. दुसरा आपण प्रत्यक्ष जगतो तो वेळ. त्याला तो 'ड्युरे' म्हणतो, आपण 'जगलेला वेळ' म्हणू. यात तुकडे नसतात. आधीचा क्षण पुढच्यात मुरत जातो. गाणं ऐकताना शेवटचा सूर आधीच्या सगळ्या सुरांमुळे तसा लागतो, एकटा काढून वाजवला तर तो नुसता 'टुंग' असतो. तसंच हे.

आता मजा बघा. १८८९ मध्ये, म्हणजे ल्युमिएंचा खेळ व्हायच्याही आधी, बर्गसाँने त्याच्या पहिल्या पुस्तकात जवळजवळ आपलाच प्रश्न विचारलाय. समजा, विश्वातली सगळी हालचाल दुप्पट किंवा तिप्पट वेगाने व्हायला लागली. ग्रह, तारे, घड्याळाचे काटे, सगळं. तर शास्त्रज्ञाच्या समीकरणात काय बदलेल? तो म्हणतो, काहीच नाही. सगळी गुणोत्तरं तीच राहतील. पण माणसाच्या जाणिवेला मात्र कळेल. आकडा सांगता येणार नाही, पण काहीतरी वेगळं झालंय, आपला दिवस काहीसा पातळ झालाय, असं तिला जाणवेल.

म्हणजे 'गोष्ट पूर्ण कळली, एकही संवाद सुटला नाही' हे समीकरणाचं उत्तर झालं. समीकरण खरंच बदललेलं नाही.

१९०७ मध्ये त्याचं 'क्रिएटिव्ह इव्होल्यूशन' आलं. त्यातलं उदाहरण इतकं साधं आहे की तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात ते सापडल्यावर मला हसूच आलं. तो म्हणतो, मला साखरेचं पाणी करून प्यायचंय. मी काहीही केलं तरी मला साखर विरघळेपर्यंत थांबावं लागतं. बस्स, एवढंच. पण यात गंमत अशी की हे थांबणं वहीत लिहिता येत नाही. 'साखर विरघळायला अमुक सेकंद' हे लिहिता येतं. पण माझी चुळबुळ, ग्लासकडे परत परत बघणं, तहान, हे माझ्या वेळेचे भाग आहेत आणि ते लांबवता-आखडता येत नाहीत. पुढे तो विचारतो, की विश्वाला उलगडायला वेळ का लागतो? सगळं एकदमच का मिळत नाही, सिनेमाच्या रिळावर पहिल्यापासून शेवटपर्यंतची सगळी चित्रं आधीच असतात तसं?

आणि इथे सिनेमा पकडला जातो. त्याच पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात बर्गसाँ सिनेमाच्या यंत्राला सरळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. बघा, रिळावर असतं काय? स्थिर फोटो. एकाही फोटोत हालचाल नसते. हालचाल असते प्रोजेक्टरमध्ये. तो एकसारख्या गतीने रीळ ओढतो आणि आपल्याला वाटतं की सैनिक चालतायत. म्हणजे हालचाल बाहेरून आणून चिकटवलेली, आणि तीही सगळ्यांना एकच. धावणाऱ्या घोड्याला तीच, गळणाऱ्या पानाला तीच. बर्गसाँ म्हणतो, आपली बुद्धीसुद्धा असंच करते. जग वाहतं असतं, आपण त्याचे फोटो काढतो, फोटोंना नावं देतो आणि मग म्हणतो की कळलं. बालपण, तारुण्य, म्हातारपण. तीन फोटो. या तिघांच्या मधे जे घडलं ते गायब.

हे 'एकसारखी गती बाहेरून चिकटवणं' लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

सिनेमाच्या अभ्यासातली गंमत अशी की ज्याने सिनेमाला नापास केलं, त्याच्याच कल्पना घेऊन पुढच्या लोकांनी सिनेमाची बाजू लढवली. अर्थात सगळ्यांनी नाही. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक होते, मूळचे जर्मन, मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही शिकवणारे. त्यांनी १९१६ मध्येच सिनेमावर अख्खं पुस्तक लिहिलं. क्लोजअप म्हणजे आपलं लक्ष एकवटणं, फ्लॅशबॅक म्हणजे आपली आठवण, पडद्यावर मन काम करताना दिसतं, असं त्यांचं म्हणणं. ते त्याच वर्षी वारले आणि पुस्तक कित्येक दशकं विस्मरणात गेलं. त्यांच्यावर वेगळा भाग करायला हवा, आज नको.

आज मला हवाय तो आंद्रे बाझाँ.

१९१८ चा जन्म. शिक्षक व्हायचं होतं, पण बोलताना अडखळायचा, त्यामुळे ते राहिलं. मग महायुद्धाच्या काळात आणि नंतर या माणसाने काय केलं, तर फिल्म क्लब चालवले. कामगारांना, विद्यार्थ्यांना सिनेमे दाखवायचे आणि नंतर चर्चा घ्यायची. बोलण्यात अडखळणारा माणूस सिनेमावर बोलायला उभा राहायचा आणि लोक ऐकत राहायचे. १९५१ मध्ये त्याने मित्रांबरोबर 'काइए द्यू सिनेमा' हे मासिक काढलं. फ्रान्स्वा त्र्युफोला, म्हणजे त्या वेळच्या एका बिथरलेल्या पोराला, सैन्याच्या तुरुंगातून सोडवायला मदत केली आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्र्युफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'चं शूटिंग सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाझाँ गेला. वय फक्त ४०. तो सिनेमा त्यालाच अर्पण केलेला आहे.

बाझाँने १९४५ मध्ये फोटोवर एक निबंध लिहिला. त्याची सुरुवात इजिप्तच्या ममीपासून होते. माणसाला मरणाची भीती वाटते, म्हणून तो देह जपून ठेवतो. मग देहाऐवजी पुतळा, चित्र. मग फोटो. चित्रकाराने काढलेल्या चित्रात चित्रकाराचा हात मधे असतो, पण फोटो म्हणजे उजेडाने स्वतः उमटवलेला ठसा, बोटाच्या ठशासारखा. आणि सिनेमा? बाझाँ म्हणतो, सिनेमात पहिल्यांदाच वस्तूच्या ठशाबरोबर तिच्या वेळेचाही ठसा उमटला. बदलाचीच ममी झाली म्हणा ना. त्यासाठी त्याने जो शब्द वापरलाय तो बर्गसाँचाच आहे, 'ड्युरे'. ज्या यंत्रात बर्गसाँला जगलेला वेळ मेलेला दिसला, त्याच यंत्रात बाझाँला तो जपलेला दिसला! पुढे १९५६ मध्ये आँरी-जॉर्ज क्लूझोने पिकासो चित्र काढतानाचा सिनेमा केला. त्यावर लिहिताना बाझाँने त्याला थेट 'बर्गसाँच्या धाटणीचा सिनेमा' म्हटलं, कारण तिथे पूर्ण झालेलं चित्र दाखवलेलं नाही, चित्र होत जाणं दाखवलंय. एक माशाचं चित्र मधेच कोंबडा होतं. चित्राच्या आत दडलेली सगळी आधीची चित्रं डोळ्यांदेखत येतात आणि जातात.

आता हा सगळा विचार एका सीनवर लावून बघू, नाहीतर हवेत राहील.

व्हित्तोरिओ दे सिका तुम्हाला 'बायसिकल थीव्ह्ज'मुळे माहीत असेल. १९४८ चा तो सिनेमा १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि 'दो बिघा जमीन'पर्यंत त्याचे पडसाद उमटले. पण त्याच दे सिकाचा १९५२ चा 'उंबेर्तो डी' बघा. निवृत्त म्हातारा, त्याचा कुत्रा, भाडं थकलेलं. त्या घरात एक मोलकरीण आहे, मारिया. कोवळी पोर, दिवस गेलेत, आणि बाप कोण यावर ज्यांच्यावर संशय ते दोघेही हात वर करणार, हे तिला माहीत आहे.

एका सीनमध्ये ती सकाळी उठते. बास. हाच सीन. ती स्वयंपाकघरात येते. भिंतीवर काडी घासते, पेटत नाही, परत घासते. भिंतीवर मुंग्या आहेत, त्यांच्यावर पाणी मारते. खिडकीतून बाहेर बघते. कॉफी दळायला बसते. बसल्या बसल्या पाय लांब करून, पायाच्या बोटाने दार लोटते. मधे कधीतरी तिची नजर स्वतःच्या पोटावर जाते आणि डोळे भरतात. संगीत आहे, पण संवाद नाहीत. कथेच्या दृष्टीने 'पुढे' काहीच सरकत नाही.

या सीनची 'माहिती' किती? 'मारिया सकाळी उठली, ती दुःखी आहे.' एक ओळ. दीडपट वेगाने बघा, तिप्पट वेगाने बघा, ती ओळ मिळेलच. बाझाँला हा सीन जिवापाड आवडायचा आणि त्याचं कारण हेच होतं. नेहमीचा दिग्दर्शक घटनेचे मोठे तुकडे करतो: उठली, कॉफी केली. दे सिका त्या तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करतो, त्यांचे आणखी बारीक, इतके की शेवटी आपण 'घटना' बघणं सोडून देतो आणि तिच्याबरोबर नुसते असतो. तिला काडी पेटायची वाट बघावी लागते, आपल्यालाही. साखर विरघळेपर्यंत थांबणं म्हणतात ते हेच. तिचं दुःख ती पोटाकडे बघते त्या एका क्षणात नाहीये. त्याच्या आधीच्या काडीत, मुंग्यांत, पायाने दार लोटण्यात ते मुरलेलं आहे. दुःख असलं तरी कॉफी दळावीच लागते, ही गोष्ट सांगून कळत नाही, तिथे बसून राहावं लागतं.

मला विचाराल तर सिनेमाच्या सिद्धांतात नंतर जे काही अवघड लिहिलं गेलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या एका स्वयंपाकघरात आहेत.

अवघडवरून आठवलं. जिल देल्यूझ. पॅरिसमधला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. १९८३ आणि १९८५ मध्ये त्याने सिनेमावर दोन जाडजूड पुस्तकं लिहिली. फिल्मस्कूलमध्ये लोक ती काखेत घेऊन फिरतात. वाचलेली किती जणांनी असतील, सोडा. पण त्यातला गाभा सांगता येतो.

देल्यूझ पहिल्या प्रकरणातच बर्गसाँला गाठतो. म्हणतो, गुरुजी, तुम्ही १९०७ मध्ये सिनेमाबद्दल बोललात ते चूक होतं, पण १८९६ मध्ये सिनेमाचं नावही न घेता तुम्हीच त्याचं तत्त्वज्ञान लिहून ठेवलंय. कारण आपल्याला पडद्यावर 'फोटो अधिक गती' असं दिसत नाही. आपल्याला थेट हलणारी प्रतिमाच दिसते. यंत्राच्या आत काय चाललंय हा मेकॅनिकचा प्रश्न, पडद्यावर काय आहे हा बघणाऱ्याचा.

मग तो सिनेमाचे दोन ढीग करतो. पहिल्या ढिगात पात्रं बघतात आणि कृती करतात. खलनायक दिसला, हिरो धावला. इथे वेळ कृतीच्या मागे मागे चालतो. दुसऱ्या ढिगात पात्रं बघतात, पण करण्यासारखं काही उरलेलं नसतं. शहरं बॉम्बने उद्ध्वस्त झालीयेत, नोकरी नाही, परिस्थिती माणसापेक्षा मोठी आहे. मग माणूस नुसता बघत राहतो. कृती थांबते आणि मागे लपलेला वेळ समोर येतो. याला तो 'काल-प्रतिमा' म्हणतो आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत आपली मारिया आहे, पोटाकडे बघणारी. दुसरं गाजलेलं उदाहरण ओझूच्या 'लेट स्प्रिंग'मधल्या फुलदाणीचं. लग्न ठरलेली मुलगी, शेजारी झोपलेला बाप, तिच्या चेहऱ्यावर हलकं हसू. मग काही सेकंद अंधारातली एक फुलदाणी. मग परत तिचा चेहरा, आता रडू येईल असा. फुलदाणी जागची हललेली नाही, पण मधल्या वेळात मुलगी बदलली.

देल्यूझचं मला सगळं पटत नाही. दुसरं महायुद्ध ही रेघ मारून सिनेमाच्या इतिहासाचे दोन भाग करणं फार सोयीचं वाटतं. ओझूच तर युद्धाच्या आधीपासून असे थांबलेले शॉट लावत होता. आणि डेव्हिड बोर्डवेल, नोएल कॅरल यांच्यासारखे अमेरिकन अभ्यासक तर यावर वैतागलेलेच होते. त्यांचं म्हणणं, आधी मोठा सिद्धांत आणायचा आणि मग त्यात बसणारे सिनेमे शोधायचे, हे उलटं आहे. आधी सिनेमा नीट बघा, शॉट मोजा. बोर्डवेलने खरंच मोजले. १९३० ते १९६० च्या काळात हॉलीवूडच्या सिनेमात एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकायचा, पुढे तो आकडा झपाट्याने खाली आला. म्हणजे घाई तुमच्या फोनने सुरू केली नाही, ती आधीपासूनच चालू होती.

आणि आता दुसरी बाजू. तिला न ऐकता निकाल दिला तर हे कोर्ट कसलं!

वेग बदलणं हे सिनेमाच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करायच्या आधी, १९१२ मध्ये, घरी एक प्रयोग करत होते. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावला, समोर कॅमेरा लावला आणि रोज एक फ्रेम घेतली. महिन्याभराहून जास्त दिवस. पडद्यावर काय दिसलं? दाणा फुटला, कोंब वर आला, वेल सरसर चढली, काही क्षणांत. भांडवल देणाऱ्याला सिनेमाची ताकद पटवायला त्यांनी ही फिल्म केली होती. बर्गसाँच्या पुस्तकाला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. बर्गसाँ म्हणत होता थांबा, आणि मुंबईत हा गृहस्थ थांबण्याची घडी घालून डबीत ठेवत होता!

पुढे फ्रान्समध्ये जाँ एप्स्टाइन नावाच्या दिग्दर्शकाने यावरच तत्त्वज्ञान रचलं. त्याचं म्हणणं, वेग वाढवला की झाडं हातवारे करायला लागतात, स्फटिक जिवंत होतात, आणि वेग कमी केला की माणसाच्या चेहऱ्यावर न दिसणारे भाव दिसतात. म्हणजे यंत्रालाही वेळेबद्दलचा स्वतःचा विचार आहे आणि तो आपल्यापेक्षा वेगळा आहे. मला हा युक्तिवाद फार आवडतो.

आणि बघणाऱ्याच्या हातात रिमोट आला त्याचं काय? लॉरा मल्व्ही माहीत असेल. सिनेमातली बाई पुरुषाच्या नजरेसाठी कशी मांडलेली असते, हे १९७५ मध्ये मनोविश्लेषणाच्या आधाराने सांगणारी. तिनेच २००६ च्या पुस्तकात लिहिलं, की पॉज करता येणं, मागे जाता येणं ही बघणाऱ्याला मिळालेली ताकद आहे. सिनेमा थांबवून बघणारा माणूस विचार करायला लागतो. थिएटरात बसून जे वाहून जायचं, ते घरी पकडता येतं. मीही 'उंबेर्तो डी'चा तो सीन कितीतरी वेळा थांबवून थांबवून बघितलाय. ते बाझाँला चाललं असतं का, कुणास ठाऊक.

मग फरक कुठे आहे?

माझं मत सांगतो. फाळक्यांनी वेग ठरवला तो वाटाण्याकडे बघून. दाणा किती दिवसांत फुटतो, रोज किती वाढतो, त्यावरून रोज एक फ्रेम. एप्स्टाइनने वेग ठरवला तो चेहऱ्याकडे किंवा लाटेकडे बघून. मल्व्ही पॉज करते तेव्हा ती एका विशिष्ट क्षणावर थांबते. तिघांनाही समोरच्या वस्तूशी काहीतरी देणंघेणं आहे. दीडपटचं बटण कुणाकडेच बघत नाही. ते मारियाच्या काडीला दीडपट करतं, तिच्या अश्रूंना दीडपट करतं, श्रेयनामावलीलाही दीडपट करतं. एकसारखी गती, बाहेरून आणून चिकटवलेली. बर्गसाँने १९०७ मध्ये सिनेमावर जो आरोप केला होता, तो सिनेमाला नीटसा लागू पडला नाही, बाझाँ आणि देल्यूझने सिनेमाला त्यातून सोडवलं. पण या बटणाला तो शब्द न् शब्द लागू पडतो.

म्हणूनच मला दीडपटने ऐकलंत तर माझी हरकत नाही. मी माहिती सांगतोय, माझ्या बोलण्यात फुलदाणी नाहीये.

पण ज्या सिनेमाचा विषयच थांबणं आहे, त्याचं काय? मणी कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, ऋत्विक घटक तिथे होते त्या काळात. त्यांचा पहिला मोठा सिनेमा 'उसकी रोटी', मोहन राकेश यांच्या कथेवरचा. बालो नावाची बाई, नवरा बस ड्रायव्हर. ती रोज शेतातून चालत जाऊन रस्त्याच्या कडेला रोटी घेऊन उभी राहते, बस येईल म्हणून. एके दिवशी तिला उशीर होतो, नवरा चिडून रोटी न घेता निघून जातो. ती रात्रीपर्यंत उभी राहते. संपूर्ण सिनेमा या उभं राहण्याचा आहे. मधे तिच्या मनातलं आणि प्रत्यक्षातलं एकमेकांत मिसळत जातं, कुठलं कधी घडलं सांगता येत नाही. हा सिनेमा अनेकांना सहन झाला नाही, अजूनही होत नाही. दीडपट वेगाने तो कसा दिसेल? बाई थोडा कमी वेळ उभी राहिली असं दिसेल. पण मग ती गोष्ट तिची राहत नाही. तिच्या हातात तर वेगाचं बटण नव्हतंच.

कौल पुढे धृपद शिकले. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचं गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होतं आणि १९८२ मध्ये कौल यांनी 'धृपद' नावाचाच सिनेमा केला. धृपदाचा आलाप ऐकलाय कधी? एक स्वर लावायला किती वेळ घ्यायचा हे घड्याळ सांगत नाही, स्वरच सांगतो. ज्याला आलाप कळतो त्याला बर्गसाँ समजावायला फार वेळ लागणार नाही, असं मला वाटतं. आलाप दीडपट वेगाने वाजवून बघा एकदा. सूर तेच राहतात, आजकालची ॲप्स पट्टीसुद्धा बदलू देत नाहीत. राग मात्र हातातून निसटतो.

आता 'कोर्ट'कडे, कारण मैत्रिणीला उत्तर देणं राहिलंय.

'कोर्ट'मध्ये शेवटाकडे एक शॉट आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागते. कामकाज संपतं. लोक निघून जातात. खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, दार लागतं आणि कॅमेरा तिथेच. अंधार. सिनेमा संपला असं वाटतं, पण संपत नाही. आपण त्या बंद खोलीत बसलेलो असतो. पुढे न्यायाधीशसाहेब मंडळींबरोबर सहलीला गेलेले दिसतात, तिथे गप्पा आहेत, पाणी आहे, पोरं आहेत. आणि आपल्या डोक्यात तो शाहीर, नारायण कांबळे, तुरुंगात. सुट्टी संपेपर्यंत.

एका ओळीत माहिती काय? 'कोर्टाला सुट्टी लागली, जामिनाचं पुढे ढकललं गेलं.' ही तुला सव्वा तासात मिळाली, खरंच मिळाली. पण या सिनेमात आरोपीला दिली जाणारी शिक्षा कुठलं कलम देत नाही. वाट बघायला लावणं हीच शिक्षा आहे. तारीख, पुढची तारीख, साक्षीदार आजारी, मग सुट्टी. ताम्हाणेने त्यातला अगदी छोटासा, काही सेकंदांचा तुकडा आपल्या वाट्याला ठेवलाय, त्या अंधारातला. सिनेमाभर कांबळ्यांना जे भोगावं लागतं त्याची चव म्हणून. तू तो तुकडा एक तृतीयांश कमी करून घेतलास.

एवढंच बिघडलं. ते किती मोठं आहे ते तूच ठरव. तो शॉट एकदा साध्या वेगाने बघ, फक्त तेवढाच, आणि मला परत व्हॉइस नोट पाठव. 'काही फरक पडला नाही' असं म्हणालीस तरी ती मी पुढच्या भागात ऐकवीन.

पुढच्या भागात म्युन्स्टरबर्ग. सिनेमाला जाताना लाज वाटायची म्हणे त्या प्राध्यापकांना. भेटू.